चोळ मंदिरांच्या भिंती आणि सूर्याचं वेळापत्रक : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४, कोल्हापूर

कावेरीच्या खोऱ्यातली चोळकालीन मंदिरं, फक्त बाहेरच्या भिंती. गाभारा नाही, उत्सव नाही, गोपुरांची लांबून घेतलेली दृश्यं नाहीत. भिंतीवरचं दगडी काम आणि कोरलेली अक्षरं, एवढंच या प्रकल्पात घ्यायचं ठरलं आहे.

चोळांच्या शिवमंदिरात कोणती मूर्ती कोणत्या भिंतीला, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. दक्षिणेला दक्षिणामूर्ती, म्हणजे गुरुरूपातला शिव. पश्चिमेला, म्हणजे गाभाऱ्याच्या पाठीमागे, बहुधा लिंगोद्भव, म्हणजे लिंगातून प्रकटणारा शिव. जुन्या मंदिरांत तिथे अर्धनारीश्वरही दिसतो. उत्तरेला ब्रह्मा आणि दुर्गा. मंदिरांची तोंडं बहुतेक पूर्वेकडे. ही सगळी गावं साधारण ११ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. त्यामुळे जानेवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो आणि दक्षिणामूर्तीला भरपूर ऊन मिळतं. ब्रह्मा आणि दुर्गा तेव्हा सावलीत. सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि ऑगस्टच्या शेवटापर्यंत तिकडेच असतो. उत्तरेच्या भिंतीच्या बाजूला सूर्य दिवसभर राहतो तो याच चार महिन्यांत.

तेव्हा एका फेरीत हे काम होणारं नाही. दक्षिण बाजू आत्ता, उत्तर बाजू एप्रिलमध्ये आणि जूनमध्ये. मूर्तिशास्त्राने जागा नेमून दिल्या आहेत, तारखा त्यावरूनच निघतात.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांमध्ये हातात कॅमेरा घेऊन फोटो काढता येतात, ट्रायपॉडला परवानगी लागते. अर्जात ट्रायपॉडबरोबर बॅटरीवरचा एक छोटा एलईडी दिवाही लिहिला आहे. तो फक्त शिलालेखासाठी.

१२ जानेवारी, तंजावर

बृहदीश्वर. पहिल्या राजराजाने बांधलेलं, १०१० साली पूर्ण झालेलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे ६० मीटर उंच, सगळं ग्रॅनाइटचं, आणि जवळपास कुठे ग्रॅनाइटची खाण नाही. हे वाचलेलं असतं, तरी आवारात पाऊल टाकल्यावर मान वर जाते आणि बराच वेळ खाली येत नाही.

आमच्याकडचा बेसाल्ट ऊन पिऊन घेतो. खिद्रापूरला काम करताना काळ्या दगडातला तपशील उघडायला एक्स्पोजर वाढवावं लागतं. ग्रॅनाइट याच्या उलट आहे. त्यातले अभ्रकाचे आणि गारेचे कण चमकतात, भर उन्हात पृष्ठभागावर चकाकीचे ठिपके उठतात आणि कोरीव कामाच्या कडा त्यात बुडून जातात. दगड कठीण, म्हणून कोरीव कामाची खोलीही जपून वापरलेली. होयसळांच्या मऊ दगडासारखी जाळीदार नक्षी इथे शोधू नये. मोठे, शांत आकार आणि अगदी थोडा उठाव. असा उठाव दाखवायचा तर ऊन भिंतीला घासून जायला हवं. सकाळी पावणेसात ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सहा, एवढ्याच कामाच्या वेळा.

दुपारी एक गोष्ट मुद्दाम टिपून ठेवली. या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं मार्गदर्शकांपासून शाळेच्या सहलींपर्यंत सगळे सांगतात. इथली खरी माध्यान्ह आज १२ वाजून २० मिनिटांच्या पुढे होती. सूर्य क्षितिजापासून साधारण ५८ अंशांवर. सावली विमानाच्या उत्तरेला फरसबंदीवर स्वच्छ पडलेली होती, पायापासून वीसेक मीटर पुढे गेलेली. चार कोनांतून फोटो घेतले. मंदिराचं मोठेपण त्याच्या दगडात आणि बांधणाऱ्यांच्या गणितात आहे, खोट्या चमत्काराची त्याला गरज नाही. एप्रिलमध्ये याच जागी उभं राहून पुन्हा पाहायचं आहे.

१३ जानेवारी, तंजावर

दक्षिण भिंत, खालच्या कोनाड्यांची रांग. काम झालं.

विमानाच्या आतल्या प्रदक्षिणामार्गातली चोळकालीन भित्तिचित्रं माझ्या प्रकल्पात नाहीत, आणि तो मार्ग सर्वांसाठी खुलाही नाही. तरी त्याचा विचार डोक्यातून जात नाही. नायक काळातल्या चित्रांच्या थराखाली ती शतकानुशतकं झाकलेली होती. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठातल्या एस. के. गोविंदस्वामींच्या ती लक्षात आली. वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नृत्यातल्या हालचालींपैकी, ८१ कोरलेली आहेत, पुढचे दगड कोरेच राहिले. ते कोरे का राहिले हा प्रश्न मला कोरलेल्या ८१ इतकाच ओढून घेतो.

१५ जानेवारी

पोंगल. काम बंद. दारोदार तांदळाच्या पिठाचे कोलम, उसाच्या मोळ्या, हळदीची रोपं बांधलेली मडकी. लॉजच्या मालकीणबाईंनी केळीच्या पानावर सक्करै पोंगल आणून दिला.

१७ जानेवारी, पुळ्ळमंगै

तंजावर–कुंभकोणम रस्त्यावरून आत वळल्यावर भाताची खाचरं लागतात. सांबा हंगामाची कापणी चालू आहे. ब्रह्मपुरीश्वराचं हे मंदिर पहिल्या परांतकाच्या काळातलं, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. बृहदीश्वराच्या मानाने चिमुकलं.

इथे काम आहे ते पायथ्याच्या पट्ट्यातल्या छोट्या चौकटींचं. रामायणातले प्रसंग, शिवाच्या कथा, नर्तक. एकेका चौकटीत तीन-चार माणसं, प्रत्येकाचं वजन वेगळ्या पायावर. मॅक्रो लेन्स लावून जमिनीवर पालथं पडून काम करावं लागलं. साडेसातच्या उन्हात एका चौकटीतला धनुष्य ओढणारा हात असा उठला की त्याच्या खांद्याचा ताण दिसू लागला. आठ वाजून दहा मिनिटांनी तीच चौकट सपाट झाली.

मला दिवसभर इथेच थांबावंसं वाटलं आणि थांबलेही. चोळ शिल्पकलेचा कळस कोणता, असं कुणी विचारलं तर लोक तंजावरचं नाव घेतात. माझं उत्तर या गुडघाभर उंचीच्या पट्ट्याकडे बोट दाखवेल. राजाच्या हुकमाने उभ्या राहिलेल्या महाकाय कामात जी शिस्त लागते ती इथे लागली नाही, आणि छिन्नी चालवणाऱ्याला आपल्या मनाने वळण घ्यायला जागा मिळाली.

दक्षिणामूर्तीला पिवळं वस्त्र नेसवलेलं होतं, पुढे तेलाचे दिवे. गुरुक्कळ, म्हणजे पुजारी, म्हणाले, हवं तर वस्त्र थोडा वेळ काढून देतो. मी नको म्हटलं. पूजेतल्या मूर्तीचा फोटो पूजेतल्या रूपातच घ्यायचा, हे या प्रकल्पाचं धोरण राहील. वस्त्र, भस्म, तेलाचे ओघळ या सगळ्यासकट ती आजची मूर्ती आहे.

२० जानेवारी, दारासुरम

ऐरावतेश्वर. दुसऱ्या राजराजाचं, बाराव्या शतकातलं. काल आणि आज दोन्ही दिवस इथेच.

दक्षिणेकडचा राजगंभीर मंडप रथाच्या रूपात घडवला आहे. दगडी चाकं, पुढे धावणारे घोडे. आल्या आल्या सगळे तिथेच फोटो काढतात आणि ते साहजिक आहे. पण माझ्या याद्यांमध्ये सर्वात वर आहे ती मुख्य मंदिराच्या पायथ्याची पट्टी: ६३ नायन्मार संतांच्या आयुष्यातले प्रसंग, वर तमिळमध्ये नाममुद्रा. शिवभक्तीने वेडे झालेले हे लोक: कुंभार, परीट, कोळी, राजा, सेनापती, कुणीही. मराठी माणसाला इथे गोरोबा, चोखोबा, सावतोबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आमच्या संतांची अशी सलग पट्टी एखाद्या जुन्या भिंतीवर असती तर, असं वाटून गेलं.

नाममुद्रांची अक्षरं झिजलेली आहेत. प्रत्येक प्रसंगाचे दोन फोटो घेतले, एक शिल्पासाठी, एक अक्षरांसाठी, कारण दोघांना लागणारा उजेड वेगळा.

तमिळनाडूतल्या पुष्कळ मंदिरांत जीर्णोद्धाराच्या वेळी भिंती साफ करायला वाळूचा मारा वापरला गेला. नंतर त्यावर बंदी आली. ज्या भिंतींवरून तो मारा फिरला तिथला दगड एकसारखा पांढुरका आणि खरबरीत दिसतो, अक्षरांच्या कडा गोल झालेल्या असतात. अशा भिंतीपुढे कॅमेरा लावला की फार वाईट वाटतं. हजार वर्षं टिकलेली ओळ एका दुपारच्या सफाईत गेली.

२३ जानेवारी, गंगैकोंडचोळपुरम

पहिल्या राजराजाचा मुलगा राजेंद्र याने गंगेपर्यंत स्वारी करून ही राजधानी वसवली. आज आजूबाजूला शेतं आणि छोटं खेडं. राजवाड्याचं जोतं तेवढं उकरून काढलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात कोळ्ळिडम नदीवरच्या बंधाऱ्यासाठी इथले दगड नेले गेले, त्यात आवाराची भिंत गेली. विमान तंजावरपेक्षा कमी उंच. तंजावरचा उतार सरळ रेघेत चढतो, इथला मध्ये आत झुकतो. बापाशी स्पर्धा न करता मुलाने वेगळी रेषा काढली.

उत्तरेच्या पायऱ्यांजवळ चंडेशानुग्रहमूर्ती. शिव पार्वतीसह बसले आहेत आणि पुढे वाकलेल्या चंडेश या भक्ताच्या डोक्याला स्वतःच्या हाताने फुलांची माळ गुंडाळत आहेत. दुपारी पोहोचले तेव्हा ही बाजू पूर्ण सावलीत होती. थांबून राहिले आणि लक्षात येत गेलं की हिला उन्हाची गरज नाही. फरसबंदीवरून परतलेला उजेड खालून वर येत होता, चंडेशाच्या खाली झुकलेल्या चेहऱ्यावर तो अलगद पोहोचत होता. तिरपं ऊन हातांची गुंतागुंत दाखवेल, पण त्या चेहऱ्यावरचं समाधान काळ्या सावलीत जाईल. अर्धा सेकंद एक्स्पोजर, ट्रायपॉड, आयएसओ १००. या मूर्तीसाठी सावलीतलाच फोटो अंतिम.

विमानाची उत्तर भिंत मात्र जूनसाठी राखून ठेवली.

२५ जानेवारी, तंजावर

गुरुवार. आज तैपूसमही, त्यामुळे स्वामिमलैच्या बाजूचे रस्ते पायी जाणाऱ्या मुरुगनभक्तांनी भरलेले. मी शिलालेखाकडे.

बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्येकडच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, १८०३ साली. मजकूर त्यांचे चिटणीस बाबूराव यांचा. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं तेव्हापासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं, आणि राजराजाच्या तमिळ लेखांनी भरलेल्या देवळात त्यांनी आपली वंशकथा आपल्या भाषेत लिहून ठेवली. मराठी माणूस इथे येतो, भिंत बघतो, एक फोटो काढतो. त्या फोटोत वाचता येईल असं फारसं काही उतरत नाही. वाचता येईल असे फोटो काढणं, हा या प्रकल्पातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग.

अडचण देवनागरीच्या बांधणीतच आहे. उजेड डावीकडून किंवा उजवीकडून भिंतीला घासून सोडला की काने, दंड, सगळ्या उभ्या रेषा खणखणीत उठतात. पण शिरोरेषा उजेडाच्या दिशेलाच समांतर असते, तिच्या खाचेत सावलीच पडत नाही, ती नाहीशी होते. उजेड वरून सोडला की शिरोरेषा उमटते आणि काने पुसट होतात. राजराजाच्या लेखांतल्या तमिळ अक्षरांना वळणं जास्त, त्यामुळे कुठल्याही एका बाजूने उजेड दिला तरी बरंचसं हाती लागतं. देवनागरीला दोन दिशा लागतात.

म्हणून पद्धत अशी ठरवली: भिंतीचे आडवे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात कॅमेरा भिंतीला समांतर, शेजारच्या दोन फोटोंमध्ये एक तृतीयांश भाग सामाईक, पट्ट्याच्या पहिल्या फोटोत मोजपट्टी. कॅमेरा न हलवता प्रत्येक चौकटीचे दोन फोटो, एकदा दिवा बाजूने, एकदा वरून. संगणकावर दोन्ही एकत्र करायचे.

इथेच १८५८ साली लिनियस ट्राइप नावाच्या कॅप्टनने मंदिराच्या जोत्यावरचे लेख टिपले होते. मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर एकापुढे एक फोटो घेत २१ छाप जोडून सलग पट्टी बनवली, जवळपास सहा मीटर लांब. त्याच्याकडे दिवा नव्हता, ऊन होतं आणि कागद उजळायला लागणारा वेळ होता. तरी ओळी वाचता येतात. त्याच्या शिस्तीपुढे मी हात जोडते.

अकराच्या सुमारास दक्षिणामूर्तीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या एक वयस्क बाई माझ्याजवळ थांबल्या. मदतनिसाशी फोनवर माझं मराठी चाललेलं त्यांनी ऐकलं होतं. "कुठनं आलां?" मी कोल्हापूर म्हटल्यावर हात धरूनच बसल्या. तंजावरचं मराठी घराणं, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात मराठी बोलतात, शिक्षण सगळं तमिळमध्ये, त्यामुळे देवनागरी वाचता येत नाही. लहानपणापासून ही भिंत त्यांनी पाहिलेली. आपल्या राजांचं लिहिलंय एवढं वडिलांनी सांगितलेलं.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला आणि सावकाश वाचायला लागले. जिथे अक्षर लागत नव्हतं तिथे थांबत होते. दोनशे वर्षांपूर्वीची दरबारी मराठी मला अडवत होती, त्यांना तितकी नाही. दोन ठिकाणी शब्दाचा अर्थ त्यांनीच सांगितला, त्यांच्या घरात तो रोजच्या वापरात आहे. असं आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत वाचत बसलो. निघताना म्हणाल्या, पुढच्या वेळी नातीला घेऊन येते, तिच्यासमोर वाचा.

२७ जानेवारी, तंजावर

शिलालेखाचे उरलेले पट्टे. संध्याकाळपर्यंत चालू. दोन बॅटऱ्या दिव्याला, तीन कॅमेऱ्याला. सगळ्या फाइलींच्या दोन प्रती, वेगळ्या पिशव्यांमध्ये.

तिरुवैयारुला त्यागराज आराधना चालू आहे, तिकडे खोली मिळणं शक्य नाही. परतीचं तिकीट.

१४ फेब्रुवारी, कोल्हापूर

शिलालेखाच्या चौकटी जोडणं चालू. दोन दिशांचे फोटो एकत्र केल्यावर अक्षरं पूर्ण दिसतात. वाचनाचं काम एका अनुभवी मोडी-देवनागरी वाचकांकडे सोपवलं आहे. तंजावरच्या मावशींनी सांगितलेले दोन्ही अर्थ त्यांना लिहून कळवले. एक त्यांनी तसाच स्वीकारला, दुसऱ्यावर आमची चर्चा चालू आहे.

याच महिन्याच्या सुरुवातीला इथे किरणोत्सव झाला. मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन अंबाबाईच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. कुंभकोणमच्या नागेश्वराच्या लिंगावर चित्तिरै महिन्यात काही दिवस उगवतीची किरणं येतात. एप्रिलची फेरी त्याच दिवसांना जोडून घेतली.

१९ एप्रिल, तंजावर

लोकसभेचं मतदान आज संपूर्ण तमिळनाडूत. गेले दोन दिवस रस्त्यावर भरारी पथकं गाड्या तपासत होती. कॅमेऱ्याच्या पिशव्या उघडून दाखवल्या, पंधरा मिनिटांत सोडलं.

२२ एप्रिल, तंजावर

जानेवारीतल्याच जागी, माध्यान्ह. फरसबंदीवर काथ्याच्या पट्ट्या घातल्या आहेत, त्यावरून पाऊल बाहेर ठेवणं अशक्य. विमानाची सावली चौथऱ्याच्या पलीकडे गेलेली नाही. सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर. तर सावलीच्या कथेत एवढं तथ्य आहे: सूर्य डोक्याजवळ असतो त्या महिन्यांत ऐन दुपारी ती जमिनीवर दिसत नाही. जानेवारीचा आणि आजचा फोटो शेजारी शेजारी छापणार आहे. कुणी वाद घालायला आलं तर तारखा आणि वेळा पुरेशा आहेत.

२६ एप्रिल, कुंभकोणम

नागेश्वर. पहाटेपासून रांग. गाभाऱ्यात कॅमेरा नाही, आणि तो नसल्याने दर्शन शांतपणे झालं. किरण आले तेव्हा गर्दीतून एकच स्वर उठला. कोल्हापुरात घाटी दरवाजाशी वाढलेल्या मला तो ओळखीचा होता.

मग बाहेरच्या भिंती. हे मंदिरही आरंभीच्या चोळ काळातलं. कोनाड्यांमध्ये जवळजवळ पुरुषभर उंचीच्या स्त्रीपुरुषांच्या मूर्ती, देव वाटत नाहीत, कुणी तरी खरी माणसं वाटतात. उत्तरेला ब्रह्मा. सूर्य आता दिवसभर उत्तरेच्या बाजूला राहतो, पण दुपारी छज्ज्याच्या सावलीत अख्खी भिंत बुडते. सकाळी पाऊण तास मिळाला. सूर्य भिंतीशी दहा-पंधरा अंशांचा कोन करून येत होता आणि ब्रह्माचा तिसरा चेहरा, जो एरवी अंधारात असतो, कानापर्यंत दिसला.

२१ जून, गंगैकोंडचोळपुरम

सूर्य उत्तरेला जास्तीत जास्त आजच. वाऱ्याने ट्रायपॉडला वाळूची पिशवी लटकवावी लागली. पहाटे ढग, पावणेसातला मोकळं झालं. विमानाची उत्तर भिंत पायापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत तिरप्या उन्हात. जानेवारीत करडी आणि मुकी वाटलेली हीच भिंत. आता अर्धस्तंभ, कोनाडे, त्यांच्यावरची मकरतोरणं एकेक करून पुढे आली. ७०–२०० लेन्सने वरचे भाग, मग जवळून खालचे. साडेआठपर्यंत थांबले नाही.

चंडेशानुग्रहमूर्तीचा उन्हातला फोटोही घेऊन पाहिला. जानेवारीचाच ठेवते.

२३ जून, तंजावर

शिलालेखाचं वाचन पूर्ण झालेल्या पट्ट्यांच्या मोठ्या अक्षरातल्या छापील प्रती बरोबर आणल्या होत्या, त्याखाली तोच मजकूर तमिळ लिपीत. मावशी नातीला घेऊन आल्या. मुलगी आठवीत आहे. आधी तमिळ लिपीतून वाचलं, मग बोटाने देवनागरी अक्षरं जुळवत गेली. "व्यंकोजी" तिने स्वतः शोधून काढलं. एक संच त्यांच्याकडे ठेवला.

पुढचा टप्पा चिदंबरम. चार दिशांना चार गोपुरं, त्यांच्या वाटेच्या दोन्ही अंगांना १०८ करणं. वाटेत उजेड येतो तो फक्त दोन टोकांनी, म्हणजे पूर्व आणि पश्चिम गोपुरांना सकाळ-संध्याकाळ, दक्षिणेच्या गोपुराला हिवाळ्यातली दुपार. उत्तरेच्या गोपुराचं गणित अजून मांडायचं आहे. परवानगीसाठी दीक्षितरांना, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांना, भेटायला परवा जाते.